गुंजीला वंदना मी घ्यायची होती

परत आल्यापासून निपाणीत जो भेटतो तो पहिलं माझ्या पायांकडं बघतो, आणि मग विचारतो, "अण्णा, गुंजीला चालत गेलता म्हणं? बसा बंद हुत्या काय?" चहाच्या गाड्यावर सांगून सांगून तोंड दुखायला लागलं. शिवाय सांगताना दर वेळी थोडं तिखटमीठ लागतं. परवा तर एकानं मलाच सांगितलं की वाटेत मला अस्वल भेटलं होतं. म्हणून आता एकदाच लिहून टाकतो. ज्यांना जायचंय त्यांनी वाचून जावं, बाकीच्यांनी घरात बसून खुशाल हसावं.

मी बसचा कंडक्टर होतो. निपाणी-बेळगाव ही माझी लाईन. उभा जन्म त्या रस्त्यावर गेला, उभा म्हणजे अगदी उभ्यानंच. प्रत्येक थांबा मला झोपेतून उठवून विचारा. पण आमचं थांबणं ते काय, दार उघडायचं, माणसं खाली घालायची, माणसं वर घ्यायची, दार ओढायचं आणि "राईट" म्हणायचं. ज्या गावांची नावं हजारदा ओरडलो त्यातल्या एकाही गावात मी कधी शिरलो नाही. हायवेवरून आत वस्त्यांमध्ये पंचरंगी झेंडे दिसायचे, विहारांचे पांढरे घुमट दिसायचे. खिडकीतून हात जोडायचे आणि पुढच्याचं तिकीट काढायचं.

शालन, माझी बायको, मला नेहमी म्हणायची, "एकदा उतरून बघूया की हो." तिनं मोबाईलवर जपानचं काहीतरी बघितलं होतं. तिकडं एका बेटाला वेढा घालून बुद्धाची देवळं आहेत, लोक पांढरे कपडे घालून, हातात काठी घेऊन एका देवळातून दुसऱ्या देवळात चालत जातात. एकटा चालला तरी आपण दोघं चाललोय असं ते मानतात, म्हणे. शालनला ते लई आवडलं होतं. "आपल्याकडं बी हाईत की विहारं," ती म्हणायची. "निपाणीपासनं पार माझ्या माहेरापर्यंत. जपानला कशाला जायला पायजे?" मी म्हणायचो, रिटायर झाल्यावर बघू. रिटायर झालो, आणि गुडघे दुखतात म्हणू लागलो.

गेल्या थंडीत शालन गेली. काळीज मोठं झालंय असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ती मला म्हणाली, "त्यात नवीन काय? ते आधीपासनंच हाय." जायच्या आधी दवाखान्यात तिनं एक गोष्ट माझ्याकडून कबूल करून घेतली. ती गेल्याला वर्ष झालं की तिचं पुण्यानुमोदन गुंजीला, तिच्या माहेरच्या विहारात करायचं, आणि त्या दिवशी वंदना मी घ्यायची. भंतेजी नकोत, दुसरं कुणी नको. "तुमीच घ्यायची," म्हणाली. मी "घेतो गं" म्हणालो. माणूस अशा वेळी नाही म्हणतो काय?

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात वंदना एकानं पुढं म्हणायची आणि बाकीच्यांनी तीच ओळ मागून म्हणायची. आधी त्रिसरण, म्हणजे बुद्धाला, धम्माला, संघाला तीनतीनदा शरण जायचं. मग पंचशील. निपाणीच्या आमच्या विहारात पुढं म्हणणारी शालन, आणि मागून म्हणणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज माझा. तिचं म्हणणं एकदम साफ. खोड फक्त एक. त्रिसरण संपलं की थांबायची. डोळे मिटून, हात जोडून, चांगले पाचसहा श्वास गप्प. सगळ्यांना तिची सवय झाली होती. मीच मेला कधीकधी घाईत मधेच सुरू व्हायचो आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. घरी आल्यावर मी विचारायचो, "दम लागतो काय गं तुला?" ती म्हणायची, "व्हय, लागतो." काळजाचं निघाल्यावर मला वाटलं, तरीच.

ती गेल्यावर एका रविवारी विहारात सगळे म्हणाले, अण्णा, आज तुम्ही घ्या. मी पुढं बसलो, तोंड उघडलं, आणि काही म्हणजे काही आलं नाही. सगळी वंदना पाठ आहे हो मला! पण मागून. कुणीतरी ओळ दिली की ती माझ्या तोंडातून आपोआप बाहेर पडते. आधी ओळ काढायची म्हटली की डोकं रिकामं. एका पोराला ओळ द्यावी लागली. त्या दिवशी घरी येऊन मी लई घाबरलो. वर्षाचा दिवस जवळ येत होता.

तेव्हा ठरवलं. चालत जायचं, वाटेतल्या प्रत्येक विहारात बसायचं आणि वंदना पुढं म्हणायची. जिथं कुणी ओळखत नाही तिथं चुकलो तर चुकलो. गुंजीला पोचेपर्यंत येईल.

तवंदी घाट

सुजातानं, म्हणजे माझ्या मुलीनं, मागं कधीतरी ऑनलाईन बूट मागवून दिले होते. ते घालून निघालो. निपाणीची शेवटची तंबाखूची वखार संपायच्या आत दोन्ही टाचा सोलून निघाल्या. बूट पिशवीत गेले, चप्पल पायात आली. गुडघे बिचारे गप्प होते.

घाटाच्या पायथ्याशी पहिली बस थांबली. ड्रायव्हर बसवराज, माझ्याच डेपोचा. खिडकीतून ओरडला, "अण्णा! हत्तरी, हत्तरी!" चढा म्हणतोय. मी हात हलवून नको म्हटलं. "मग इथं काय करायलाय?" "चालतोय." "कुठं?" "गुंजीला." बसवराजनं गाडी बंद केली. अख्खी बस खिडक्यांतून माझ्याकडं बघायला लागली. एक बाई शेजारणीला म्हणाली, "घरात भांडण झालं आसंल." मी कसाबसा त्याला वाटेला लावला. त्यानंतर दर अर्ध्या तासानं एक बस थांबायची. सगळे माझेच लोक. कुणाचाच विश्वास बसेना. जपानातल्या त्या यात्रेकरूंना एवढा त्रास नसेल.

पण बस निघून गेली की रस्ता एकदम मोठा वाटायचा. मी आणि दुतर्फा ऊस. बसमध्ये एवढी वर्षं मी कधी गप्प राहिलो नव्हतो, तिकीट, सुट्टे, पुढं सरका. आता बोलायला कुणी नाही. पहिल्यांदा ध्यानात आलं की घरात गेलं वर्षभर मी असाच गप्प होतो, फक्त टीव्ही मोठ्यानं लावत होतो.

तवंदीला जैनांचं तीर्थ आहे. तिथं एका मुनिमहाराजांचा विहार चालला होता, त्यांच्यात मुनींच्या चालण्याला विहार म्हणतात. पुढं महाराज अनवाणी, मागं पन्नासेक माणसं, बायका, पाण्याचे हंडे, एक टेम्पो. त्यातल्या एका बाईनं मला उकळून गार केलेलं पाणी दिलं आणि विचारलं, "तुमचा संघ मागं राहिला काय?" मी म्हणालो, "न्हाय ओ. संघ एवढाच." तिनं माझ्या पिशवीकडं बघितलं आणि आणखी एक तांब्या ओतला.

घाट ओलांडल्यावर आतल्या एका गावात पहिलं विहार मिळालं. कुलूप. आपल्याकडचं विहार म्हणजे कुलूप असायचंच, आणि किल्ली कुणाच्या तरी घरात खुंटीला. ते घर शोधलं, एका म्हातारबाबांनी जय भीम घातला, किल्ली दिली आणि म्हणाले, "समदी ऊसतोडीला गेल्यात, तुमी बसा." मी एकटा आत बसलो. मेणबत्ती लावली. मूर्ती स्वच्छ, बाबासाहेबांच्या फोटोला ताजा हार. पहिली ओळ आली. म्हटली. आणि थांबलो, लोकांनी मागून म्हणावी म्हणून. लोक कुठले? मग मीच मागून म्हटली. आवाज भिंतीवर आपटून परत आला. पुढची ओळ सुचायला तेवढा वेळ मिळाला, म्हणून प्रत्येक ओळ दोनदा म्हणत गेलो, एकदा शालनची आणि एकदा माझी. अर्ध्यात घसरलो, परत पहिल्यापासून. बाहेर आलो तेव्हा बाबा पायरीवर बसले होते. म्हणाले, "आत दोघं हायती काय?" मी किल्ली दिली आणि निघालो.

संकेश्वर

संकेश्वरच्या अलीकडं मिरच्यांचं खळं होतं. लांबून लालभडक, बघायला झकास. वारा फिरला आणि मला शिंका सुरू झाल्या. एका मागून एक, थांबायचं नावच नाही. खळ्यावरच्या बायका हसून हसून बेजार. एकीनं बसायला पोतं दिलं, दुसरीनं भाकरी, झुणका आणि वर त्याच मिरचीचा ठेचा. म्हणाली, "काट्यानं काटा काढायचा, मामा." काढला. कानातून धूर निघाला, पण शिंका थांबल्या.

इथल्या आणि आमच्या भाकरीत फरक आहे. आमची निपाणीकडची जरा जाड, यांची पापडासारखी पातळ, एकावर एक रचून ठेवलेली. शालनची भाकरी मात्र दोन्हींतली नव्हती. ती खानापूरकडची, भाताच्या मुलखातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला भाकरी थापताच यायची नाही, तव्यावर नकाशे पडायचे. माझ्या आईनं शिकवलं तिला. नंतर आईपेक्षा चांगली यायला लागली, पण शेवटपर्यंत रात्री एक मूठ भात खाल्ल्याशिवाय तिचं जेवण व्हायचं नाही. "भात न्हाय खाल्ला तर झोप लागत न्हाय," म्हणायची. हे मला त्या खळ्यावर आठवलं आणि घास तसाच हातात राहिला. बाईनं विचारलं, "तिखट लागलं?" मी व्हय म्हणालो.

यमकनमर्डीच्या पुढं

इथून पुढं कन्नड. मला कन्नड येतं, न येऊन सांगतो कुणाला? पण माझं कन्नड म्हणजे बसमधलं. पुढं सरका, पाय काढा, सुट्टे द्या. सुखदुःखाचं मला त्या भाषेत बोलता येत नाही.

एका वस्तीतल्या विहारात संध्याकाळी गेलो तर दार उघडं आणि आत चारपाच बायका. अंगणवाडीतल्या निलव्वा नावाच्या बाई झाडून घेत होत्या. त्यांना मराठी जेमतेम, तरी त्यांना समजलं की हा माणूस चालत आलाय, बायको वारलीय आणि वंदना घ्यायची शिकतोय. लगेच मला पुढं बसवलं. मी सुरुवात केली आणि बायकांनी मागून ओळ उचलली. अहो, काय वाटलं म्हणून सांगू! बोलायला गेलो तर दोघांना दोन वाक्यांपलीकडं जमत नव्हतं, आणि इथं पाली मात्र अक्षर न् अक्षर तेच, सूर तोच. वर्षभरात पहिल्यांदा माझ्या आवाजाला कुणीतरी उत्तर दिलं.

त्रिसरण संपलं आणि मी थांबलो. मुद्दाम नव्हे. शालनच्या मागून म्हणून म्हणून तिथं माझी जीभच थांबते. एक श्वास, दोन श्वास. निलव्वांनी एक डोळा उघडला. "याक्री, निंतरी?" का थांबलात? मी म्हणालो, "आमची मंडळी थांबायची इथं." त्या म्हणाल्या, "निल्लबारदु री. मुंदक होग्री, मुंदक होग्री."

मला हसूच फुटलं. थांबायचं नाही, पुढं चला! हेच वाक्य मी याच रस्त्यावर आयुष्यभर लोकांना ओरडून सांगितलं होतं. आज मला सांगणारं कुणीतरी भेटलं. मी मुकाट्यानं पुढं गेलो आणि पाचही शीलं धडाधड म्हटली.

रात्री त्यांच्या ओसरीवर झोपलो. निलव्वांनी सांगितलं ते बरोबरच होतं. शालनला दम लागायचा म्हणून ती थांबायची, मला कुठं दम लागतो? गुंजीत सगळ्यांसमोर मधेच गप्प झालो तर लोकांना वाटायचं, अण्णा विसरले. तेव्हा ही खोड मोडायची. दुसऱ्या दिवशी वंटमुरीच्या उतरणीवर मी त्रिसरण आणि पंचशील जोडून, न थांबता, मोठमोठ्यानं म्हणत चाललो होतो. एक मोटारसायकलवाला बराच वेळ माझ्या मागून हळूहळू आला आणि मग एकदम जोरात निघून गेला.

टिळकवाडी

सुजाता वकील आहे, टिळकवाडीत राहते. फाटक उघडायच्या आधीच सुरू झाली. "बाबा, मला फोन आलेत! कोर्टात असताना! तुमचे वडील हायवेवरून बडबडत चाललेत, बघा जरा, असं सांगतात लोक मला!" बसवराजनं सगळ्या लाईनला बातमी पोचवली होती. मी म्हणालो, "बडबडत नव्हतो, वंदना म्हणत होतो." ती म्हणाली, "ते त्यांना काय ठाऊक?" आणि माझे पाय बघून रडायला लागली. मग गरम पाण्यात मीठ घालून तिनं माझे पाय त्यात बुडवले.

जेवताना म्हणाली, गाडीनं जाऊया, उरलेलं. मी नको म्हणालो. मग म्हणाली, भंतेजींना बोलावते, तुम्ही शेजारी बसा. मी म्हणालो, "तुझ्या आईनं काय सांगितलंय?" ती ताटावरून हात न उचलता म्हणाली, "म्हणून दाखवा."

म्हणून दाखवलं. ती मागून म्हणत गेली. त्रिसरणानंतर मी न थांबता पुढं गेलो आणि ती अडखळली. "आई थांबायची ना इथं?" "तिला दम लागायचा, गं." "हो, ते आहेच," सुजाता म्हणाली, "पण मला थांबल्याशिवाय कसंतरीच वाटतं." मी म्हणालो, "मला पण. पण थांबायचं न्हाय, मुंदक होगबेकु." मी कुणाचं बोलतोय ते तिला कळलं नाही आणि मी सांगितलंही नाही. वर्षाच्या दिवशी संध्याकाळी थेट गुंजीला गाडीनं येते म्हणाली.

खानापूरच्या रानात

दुसऱ्या दिवशी पहाटे निघून अनगोळवरून बाहेर पडलो. अनगोळला माझ्या मामाच्या दारात आमचं लग्न लागलं होतं. आता तिथं तीन मजली इमारत आहे आणि खाली मोबाईलचं दुकान. दुकानाच्या पायरीवर मी थोडा वेळ बसलो. दुकानदारानं विचारलं, "रिचार्ज?" मी उठलो.

देसूर मागं पडलं आणि मुलूख बदलत गेला. ऊस संपला, भाताची कापलेली शेतं आली, लाल माती आली. खानापूरला मलप्रभेत पाय सोडून बसलो. नदीचं पाणी थंडगार होतं. पुढं दुतर्फा झाडी. इथं माझी लाईन नव्हती, इथं कुणी बस थांबवत नव्हतं, आणि आता मला वाटायला लागलं, थांबवावी कुणीतरी. दुपारभर मला एक माणूस भेटला, सरपण घेऊन चाललेला. "एकलेच? सांभाळून जावा, अस्वलं हाईत," एवढं बोलून गेला. असलं बोलून माणसानं जाऊ नये हो.

तासाभरानं झाडीत काहीतरी मोठं, काळं हाललं. माझ्या तोंडातून काय बाहेर पडावं? "होल्डान!" गाडी थांबवायला कंडक्टर जे ओरडतो ते. अस्वल थांबलं, मान वळवली, आणि रवंथ करत माझ्याकडं बघितलं. म्हैस होती, गळ्यात लोढणं. हेच ते निपाणीतलं अस्वल.

हसलो मोठ्यानं. आणि सवयीनं बाजूला बघितलं, हे सांगायला. तिथं कुणी नव्हतं. तेव्हा रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो आणि मला कळलं की मला हेच सगळ्यात जास्त सोसवत नाही. दुःखाचं काही वाटून घ्यायचं नाही मला, ते मी रेटतो. पण गंमत झाली की घरी जाऊन सांगायला शालन नाही. दोघं चालतात म्हणे. जपानातले लोक काहीही सांगतात. एकटा माणूस एकटाच चालतो, आणि त्याच्या टाचाही एकट्याच्याच दुखतात.

गुंजी

मिलिंद, शालनचा धाकटा भाऊ, गावाबाहेर वाट बघत उभा होता. "आलात, दाजी," एवढंच म्हणाला आणि पिशवी घेतली. घरात गेल्यावर ताटात आधी भात आला, मग आमटी, मग परत भात.

खरं सांगायचं तर सासुरवाडीला मी कधी मुक्कामाला राहिलो नाही. सणासुदीला कंडक्टरला रजा कुठली? शालनला सोडायला यायचो, दुपारी जेवायचो, संध्याकाळच्या आत परत. तिचे वडील आप्पा रेल्वेत गँगमन होते, आपल्या हद्दीतले रूळ राखायचे. लग्नाआधीच वारले, मी त्यांना फोटोतच बघितलेलं. त्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या गँगच्या लोकांनी रुळाच्या बाजूला एक पत्र्याचं विहार उभारलं होतं. आता ते सिमेंटचं आहे, पण जागा तीच. त्यात संध्याकाळी मी कधी बसलोच नव्हतो.

वर्षाच्या दिवशी दिवस कलता कलता सगळे जमले. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. सुजाता बेळगावहून आली. समोर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि बाजूला शालनचा, हार घातलेला. मी पुढं बसलो. मेणबत्तीला काडी लागेना, मिलिंदनं लावली.

सुरुवात केली. पहिली ओळ म्हटली आणि सगळं विहार मागून आलं. दुसरी ओळ आली. तिसरी आली. एक शब्द चुकला नाही. मनात म्हटलं, शालन, बघ गं. त्रिसरणाची शेवटची ओळ लोकांनी म्हणून संपवली. जीभ थांबायला लागली, तर मी तिला रेटली. मुंदक होग्री. न थांबता पहिलं शील म्हटलं, स्वच्छ, खणखणीत.

मागून कुणीच म्हणालं नाही.

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. परत म्हटलं, मोठ्यानं. कुणी ओठ हलवेना. सगळे डोळे मिटून, हात जोडून गप्प. म्हातारी माणसं गप्प, शाळेची पोरं गप्प. चुकलं, काहीतरी भयंकर चुकलं, शालनच्या माहेरी, शालनच्या फोटोसमोर. सुजातानं तेवढं माझ्याकडं बघितलं, तीही घाबरलेली.

मिलिंद माझ्या कानाशी वाकला. "दाजी, थांबा. गाडी जाऊ द्या."

"कसली गाडी?"

"रेल्वे ओ. आप्पांनी लावलेलं वळण हाय. संध्याकाळची गाडी त्यांच्या हद्दीतनं सुखरूप गेली की मगच शील. तवर गप बसायचं, कान देऊन. लेट असली तर लेट. आक्कानं सांगितलं न्हाय कधी?"

न्हाय. आक्कानं सांगितलं नाही कधी.

आमच्या निपाणीत रेल्वे नाही. रूळ नाही, स्टेशन नाही, काही नाही. आणि तिथं बसून ही बाई दर वंदनेला, इतकी वर्षं, सगळ्या लोकांना गप्प बसवून गाडी जायची वाट बघत होती. आपल्या बापाची गाडी. पाचसहा श्वासांत ती मनातल्या मनात पार व्हायची, आणि मग ती पुढचं म्हणायची. आणि मी बाजूला बसून विचारायचो, दम लागतो काय गं? व्हय, लागतो.

लांब खानापूरच्या बाजूला भोंगा वाजला. मग जमिनीतून थरथर आली, खिडकीचं तावदान वाजायला लागलं, आणि गाडी आली. मालगाडी होती, डब्यांमागून डबे. समईसारखी शांत माणसं बसलेली आणि बाहेर नुसता गडगडाट. त्या आवाजात मी रडलो, वर्षभराचं, तोंड उघडून, मोठ्यानं. शेजारच्या मिलिंदलाही ऐकू गेलं नसेल. गाडी लांबलचक होती, मला पुरली.

शेवटचा डबा गेला. तावदान थांबलं. कुणीही डोळे उघडले नाहीत, आवाज पुढच्या लोंढा स्टेशनाच्या बाजूला पार विरेपर्यंत सगळे ऐकत राहिले. मीही ऐकलं. मग मिलिंदनं हळूच मान हलवली.

मी तोंड पुसलं, मनात "राईट" म्हटलं आणि पहिलं शील पुढं म्हणालो. सगळं विहार माझ्या मागून आलं.